पास केलेल्या क्रँकमध्ये गिऱ्हाइकाला क्रॅक सापडतो तेव्हा: एमपीआयचं समस्या निवारण

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. सकाळी मेल उघडला की फोटो: युव्ही दिव्याखाली हिरवट पिवळी चमकणारी केसासारखी रेष, आणि तिच्यापासून चार बोटांवर आमच्या एमपीआयचा, म्हणजे क्रॅक शोधणाऱ्या चुंबकीय तपासणीचा, पिवळा ठिपका. म्हणजे आम्हीच तपासलेला, पास केलेला, ठिपका मारून पाठवलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनला जोडलेला वाकडातिकडा फिरता शाफ्ट.

मी भोसरीत एका मशिनिंग शॉपमध्ये क्वालिटी बघतो. ट्रॅक्टर आणि कॉम्प्रेसरचे लहान क्रँक. फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा क्रँक, बाहेरून येतं. टर्निंग, इंडक्शन हार्डनिंग (पृष्ठभाग विजेनं तापवून कडक करणं), ग्राइंडिंग आणि शेवटची एमपीआय, म्हणजे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, आमच्याकडे होते. तिच्यात जॉबला चुंबक बनवतात आणि चमकणारी चुंबकीय पावडर मिसळलेलं पाणी, म्हणजे बाथ, त्यावर ओततात; क्रॅकवर पावडर जमते आणि युव्ही दिव्याखाली रेष दिसते. दीड वर्षात ही तक्रार चार वेळा आली. पहिल्या तीन वेळा आम्ही जे केलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी तेच करतात. ऑपरेटरला समज दिली. ट्रेनिंगच्या कागदावर त्याची सही घेतली. पंधरा दिवस दोनशे टक्के तपासणी लावली, म्हणजे एकानं बघितलेला जॉब (आमच्या भाषेत सुटा भाग, इथे क्रँक) दुसऱ्यानं पुन्हा बघायचा. पंधरा दिवसांत काही सापडलं नाही, एट-डी रिपोर्ट (गिऱ्हाइकाला द्यायचा कारण-उपायांचा अहवाल) बंद झाला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मेल.

दोनशे टक्के तपासणीवर माझा आता काडीचा विश्वास नाही. पहिला म्हणतो मागचा बघेलच, मागचा म्हणतो पुढच्यानं बघितलंय. आणि दोघांचं मशीन तेच, बाथ तोच, दिवा तोच. जी रेष तिथे उमटतच नाही ती दोघांनी बघितली काय आणि दहा जणांनी बघितली काय.

चौथ्या वेळी सहा जॉब परत आले. तेव्हा ठरवलं की या वेळी माणसापासून सुरुवात करायची नाही, जॉबपासून करायची.

परत आलेला जॉब पुसू नका

जॉब आला की स्टोअरमधला हेल्पर पहिलं काम करतो ते डिझेलनं स्वच्छ धुण्याचं. त्याला आधी थांबवा. गिऱ्हाइकानं मार्करनं केलेली खूण, गंजाचे डाग, दाबाच्या खुणा यातलं प्रत्येक काही ना काही सांगत असतं. क्रॅक नेमका कुठे आहे, पिनवर (कनेक्टिंग रॉड बसतो तो गोल भाग) की मेन जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरतो तो), फिलेटमध्ये (कोपऱ्याच्या गोलाईत) की ऑइल होलच्या तोंडाशी, शाफ्टच्या लांबीला समांतर की आडवा, याचं साधं चित्र काढून भिंतीला लावा. आमच्या सहापैकी चार जॉबमध्ये क्रॅक आडवा होता, जर्नल आणि वेब (गोल भागांना जोडणारा चपटा हात) मिळतात त्या फिलेटमध्ये. उरलेल्या दोनांत ग्राइंड केलेल्या पिनवर लांबीच्या दिशेनं बारीक रेषा, दोन-तीन समांतर. हा फरक पुढे फार उपयोगी पडला.

मग परत आलेला जॉब रोजच्या ट्रेमध्ये घालून, ऑपरेटरला न सांगता, त्याच्याच मशीनवरून जाऊ दिला. ठळक दिसला तर मशीनमध्ये दम आहे. मग एक तर त्या दिवशी माणसाकडून सुटला, नाहीतर आमच्या तपासणीनंतर पडला. पुसट दिसला किंवा दिसलाच नाही तर दोष मशीन, बाथ किंवा फील्डमध्ये. एवढ्या एका प्रयोगानं निम्मा गोंधळ संपतो. आम्ही तो तीन वेळा केला नव्हता, कारण परत आलेले जॉब लाल पेटीत कुलूपबंद होते आणि किल्ली ऑडिटसाठी जपलेली होती.

आमचे सहाही जॉब एकाच गटात पडले नाहीत. दोन फिलेटवाले ठळक दिसले. उरलेले दोन फिलेटवाले जवळजवळ अदृश्य. पिनवरच्या बारीक रेषा कधी दिसायच्या, कधी नाही. म्हणजे एका तक्रारीच्या पोटात निदान तीन वेगळ्या तक्रारी होत्या, आणि आम्ही दीड वर्ष एकच औषध देत होतो.

ठळक दिसणारे दोन: क्रॅक फोडून बघा

क्रॅक ठळक असूनही आमच्याकडून सुटला, हे मला पटेना. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. क्रॅकच्या मागच्या बाजूनं, क्रॅकपर्यंत न पोचता, हॅकसॉनं कापत आणलं, जॉब प्रेसखाली धरला आणि क्रॅक उघडेल असा वाकवून तोडला. उघडलेला चेहरा दिवसाच्या उजेडात भिंगाखाली बघायचा.

फोर्जिंगचा लॅप (घडवताना धातूची पडलेली घडी) असेल तर तो भाग काळपट, खपलीसारखा असतो, कारण भट्टीतल्या तापमानाला उघडा असताना त्यावर स्केल चढलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली कडेला कार्बन उडालेला दिसतो. बॉडीच्या हार्डनिंगमध्ये क्वेंच (एकदम थंड) करताना गेलेला क्रॅक नंतरच्या टेंपरिंगमध्ये (पुन्हा तापवताना) रंगतो, निळसर-करडा होतो. आणि सगळं झाल्यावर, थंड जॉबवर पडलेला क्रॅक नव्या नाण्यासारखा स्वच्छ असतो.

आमचे दोन्ही स्वच्छ निघाले. ना स्केल, ना रंग. म्हणजे हार्डनिंगनंतर, आणि बहुधा ग्राइंडिंगनंतरही.

इंडक्शन हार्डनिंग झालेला क्रँक थोडा वाकतो, म्हणून प्रेसवर सरळ करतात. हार्ड झालेलं फिलेट ठिसूळ असतं आणि वाकवताना सगळा ताण तिथेच येतो. हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच आमच्या प्रोसेस शीटमध्ये स्ट्रेटनिंग आधी आणि एमपीआय नंतर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कागदावर सगळं ठीक. मग मी दोन दिवस फायनल इन्स्पेक्शनच्या बाकावर नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. रनआउट (फिरवताना दिसणारा वाकडेपणा) किंचित जास्त असलेले चार-पाच जॉब इन्स्पेक्टरनं बाजूला काढले. रिवर्कवाला आला, जॉब प्रेसवर नेले, एकेक हलका दाब दिला, डायल लावून बघितलं, परत आणून ठेवले. पिवळा ठिपका आधीच मारलेला. जॉब तेलात बुडवून थेट पॅकिंगला.

मी त्याला विचारलं, "हे परत एमपीआयला जात नाहीत?"

"साहेब, एमपीआय झालेलेच आहेत की. हा बघा ठिपका."

चूक त्याची नव्हती. ठिपका खरंच होता. आता प्रेसवर जाणाऱ्या जॉबचा ठिपका आधी थिनरनं पुसायचा आणि मगच प्रेस उघडायचा, असा नियम आहे. प्रेसशेजारी थिनरची बाटली साखळीनं बांधली आहे, कारण पहिल्या आठवड्यात ती दोनदा गायब झाली.

ज्यांच्याकडे जॉब तपासणीनंतर पडतात, आपटतात, प्लेटिंगला जातात किंवा पुन्हा ग्राइंड होतात त्यांनी हे आधी बघावं. तपासणीनंतर जॉबला कोण कोण हात लावतं, याची यादी प्रोसेस शीटवरून करू नका, बाकावर बसून करा.

न दिसणारे दोन: कॉइल कुठे होती?

क्रॅक दिसण्यासाठी चुंबकीय रेषांनी त्याला आडवं ओलांडावं लागतं. रेषा क्रॅकला समांतर गेल्या तर क्रॅक मैलभर लांब असला तरी पावडर जमत नाही. म्हणून दोन शॉट: दोन हेडमध्ये जॉब पकडून त्यातून करंट सोडला की फील्ड जॉबभोवती गोल फिरतं आणि लांबीचे क्रॅक दिसतात, कॉइलमध्ये फील्ड लांबीच्या दिशेनं धावतं आणि आडवे क्रॅक दिसतात. फिलेटमधले आमचे क्रॅक आडवे, म्हणजे कॉइल शॉटची जबाबदारी.

आमच्या तपासणी कार्डवर कॉइलचा करंट एका सूत्रानं काढलेला होता: अँपिअर-टर्न म्हणजे ४५,००० भागिले लांबी आणि व्यासाचं गुणोत्तर. जॉब कॉइलच्या आतल्या कडेला टेकवून ठेवला असेल, आणि कॉइलच्या मानानं बारीक असेल, तर हे सूत्र चालतं. ४५० मि.मी. लांब आणि सरासरी ५० व्यास धरला की गुणोत्तर ९, म्हणजे ५,००० अँपिअर-टर्न; पाच वेढ्यांच्या कॉइलला १,००० अँपिअर. आकडा बरोबर, मीटरवर करंटही बरोबर. पण सूत्र सरळ दांड्यासाठी आहे आणि क्रँक म्हणजे काही दांडा नव्हे. शिवाय अशा कॉइलचं चांगलं फील्ड दोन्ही बाजूंना साधारण तिच्या त्रिज्येएवढ्याच अंतरावर पोचतं. आमच्या कॉइलची त्रिज्या १५० मि.मी. कॉइल मधोमध ठेवून एकच शॉट मारला की दोन्ही टोकांची फिलेटं उपाशी राहतात. न दिसणारे दोन्ही क्रॅक कुठे होते? शेवटच्या मेन जर्नलच्या फिलेटमध्ये, एक या टोकाला आणि एक त्या.

कार्डवर लिहिलं होतं "कॉइल शॉट: २ जागी". रुळावरून कॉइल सरकवायला हात पुढे-मागे करावा लागतो. तो रूळ गंजून जाम झाला होता. ढकलायला दोन माणसं लागायची, म्हणून कॉइल मधोमध मुक्काम करून बसली होती. कधीपासून, हे कुणालाच आठवेना.

आमच्याकडे रोज सकाळी टेस्ट रिंगची तपासणी होते आणि ती रोज पास व्हायची. ती केटोस रिंग: टूल स्टीलची जाड चकती, तिच्यात ०.०७ इंच व्यासाची बारा भोकं, प्रत्येक आधीच्यापेक्षा पृष्ठभागापासून थोडं अधिक खोल. मधून तांब्याचा दांडा घालून करंट सोडायचा आणि किती भोकांच्या रेषा बाहेर उमटतात ते मोजायचं. ती सांगते की पावडर जिवंत आहे आणि करंट येतोय. आपल्या क्रँकच्या शेवटच्या फिलेटमध्ये फील्ड पोचतंय का, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. आम्ही मात्र प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून तिचाच फोटो जोडत होतो.

जॉबवरचं फील्ड बघायचं तर शिम लावा. ०.०५ मि.मी. जाडीची लवचीक पट्टी असते, तिच्या एका बाजूला गोल आणि अधिकची खूण कोरलेली. कोरलेली बाजू जॉबकडे करून ती नेमकी संशयाच्या जागी चिकटवायची, चारी कडा बंद करायच्या, आणि नेहमीसारखा बाथ ओतून शॉट मारायचा. फील्ड पुरेसं असेल तर खूण उमटते, आणि अधिकची कोणती रेघ उमटली यावरून दिशाही कळते. आम्ही टोकाच्या फिलेटला शिम लावला. कॉइल मधोमध: काहीच नाही. कॉइल टोकाकडे सरकवली: शिममधली आडवी रेघ अशी उठून आली की शेजारी उभा असलेला मेंटेनन्सवालाही पुढे वाकला. गॉसमीटरनं पृष्ठभागाजवळचं फील्ड ३० गॉस भरतंय का हेही बघतात, पण फिलेट, खांदा अशा आकार बदलणाऱ्या जागी त्या आकड्यावर माझा भरवसा कमी. तिथे शिमच बरा.

हेड शॉटलाही हीच गोष्ट लागू. १२ ते ३२ अँपिअर प्रति मि.मी. व्यास हा नेहमीचा पट्टा. ४५ व्यासाच्या पिनला ९०० अँपिअर दिले की २० पडतात, छान. पण तोच करंट ९० रुंदीच्या वेबमधून जाताना १० वर येतो. वेबवर लॅप शोधायचा असेल तर वेगळा शॉट लावा, किंवा फोर्जिंग आलं की तिथेच तपासा.

कधी दिसतात, कधी नाही: शुक्रवार

पिनवरच्या बारीक समांतर रेषा म्हणजे ग्राइंडिंग क्रॅक. व्हील घासलं गेलं, कूलंट कमी पडलं की पृष्ठभाग भाजतो आणि ग्राइंडिंगच्या दिशेला काटकोनात भेगा पडतात. उथळ आणि अरुंद. त्यांना धरून ठेवणारी पावडर मोजकीच, म्हणून बाथ जरा पातळ झाला की आधी त्याच नाहीशा होतात.

ते दोन्ही जॉब कोणत्या पाळीत तपासले गेले ते ठिपक्याशेजारच्या शिफ्ट कोडवरून काढलं. दोन्ही शुक्रवार, पहिली पाळी. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे बुधवारी रात्री पंप बंद, शुक्रवारी सकाळी चालू. मधल्या वेळात पावडर टाकीच्या तळाशी आणि पाइपाच्या वळणात जाऊन बसलेली. आणि शुक्रवारी सकाळी गेटवर गाडी उभी असते, म्हणून पंप चालू केल्यावर पाच मिनिटांत काम सुरू.

बाथचं लॉगबुक काढलं. पंप ३० मिनिटं फिरवायचा, नळीतून नमुना घ्यायचा, १०० मि.ली.च्या निमुळत्या काचनळीत उभा ठेवायचा, पाण्याचा बाथ असेल तर अर्धा तास आणि तेलाचा असेल तर एक तास, आणि तळाशी किती गाळ बसला ते वाचायचं. फ्लुरोसंट पावडरला ०.१ ते ०.४ मि.ली. चालतो. लॉगमध्ये सात महिने रोज ०.२. एकदाही ०.१५ नाही, एकदाही ०.२५ नाही. इतका स्थिर तर आमचा साखरेचा रिपोर्टही नसतो.

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः दोन नळ्या भरल्या. एक पंप सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी, दुसरी ३० मिनिटांनी. अर्ध्या तासानं पहिलीत गाळ ०.१ च्या रेघेच्या खाली, जेमतेम तळ झाकणारा. दुसरीत ०.१८. मग दुसरी नळी युव्ही दिव्याखाली धरली. खालचा थर चमकत होता, पण त्याच्या वर एक मळकट, न चमकणारा थर होता: ग्राइंडिंगची कीस, गंज, धूळ. साध्या उजेडात दोन्ही मिळून एकच गाळ वाटतो आणि आपण आकडा लिहून मोकळे होतो. वरचा कचरा पावडरीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त झाला की बाथ बदलायचा असतो. आणि गाळावरचं पाणीच चमकायला लागलं तर पावडरीचा रंग सुटलाय, तो बाथही गेला.

दोन बारीक गोष्टी. नळी ज्या टेबलावर ठेवत होतो ते प्रेसच्या भिंतीला टेकलेलं होतं. प्रत्येक ठोक्याला नळी थरथरते आणि गाळ नीट बसत नाही. स्टँड आता लॅबमध्ये आहे. आणि उन्हाळ्यात पाणी उडतं, हेल्पर बादलीनं नुसतं पाणी ओततो. दुसरीकडे प्रत्येक जॉब थोडी पावडर अंगावर घेऊन जातो. या दोघांची बेरीज-वजाबाकी डोक्यात होत नाही, नळीतच होते. पाणी ओतल्यावर वेटिंग एजंटही (पाणी पृष्ठभागावर सारखं पसरवणारं रसायन) लागतो. बाथ स्वच्छ जॉबवर ओता; पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर ठीक, तेलकट ताटावरच्या पाण्यासारखे थेंब वेगळे झाले तर त्या कोरड्या जागी क्रॅक दिसणारच नाही.

शुक्रवारचा उपाय साडेतीनशे रुपयांचा होता. पंपाला टायमर. पहाटे सहाला तो आपोआप चालू होतो आणि पाळी सातला सुरू होते.

नळी आणि पेडल

याला वेगळा मथळा द्यावा की नाही असा विचार करत होतो, पण कुणी सांगत नाही म्हणून देतो. बाथ ओतत राहायचं, नळी बंद करायची आणि त्याच क्षणी शॉट. साधारण अर्ध्या सेकंदाचे दोन. शॉट संपल्यावर नळी चालूच राहिली तर जमलेली पावडर धुऊन जाते, आणि बारीक क्रॅक सगळ्यात आधी धुतला जातो. आमच्याकडे पेडल ऑपरेटरच्या पायाशी आणि नळी हेल्परच्या हातात. हेल्पर नवा असला की अर्धा सेकंद उशीर ठरलेला. मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू गतीत बघा, एका मिनिटात कळतं. आता दोन्ही एकाच माणसाकडे आहे.

दिवा, आणि मामांचा चष्मा

दिव्याचं गणित सोपं आहे. दिव्यापासून ३८ सें.मी.वर युव्ही-ए किमान १,००० मायक्रोवॅट प्रति चौरस सें.मी., आणि पडद्याआड पांढरा उजेड २० लक्सपेक्षा कमी. जुने मर्क्युरी दिवे तापायला काही मिनिटं घेतात, एलईडी लगेच. काच रोज पुसा. आमच्या बूथच्या पडद्याला बिडीनं पडलेल्या भोकाएवढी छिद्रं होती आणि दुपारी पश्चिमेचं ऊन थेट आत. शिवाय आत टांगलेलं पांढरं तपासणी कार्ड युव्हीत निळसर चमकतं, कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत धुतलेला शर्टही चमकतो. बूथमध्ये आता गडद ॲप्रन आहे आणि कार्ड बाहेर.

बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान एक मिनिट द्यायचं असतं. आम्ही तीन देतो. चहा घेऊन आलेला माणूस थेट जॉब उचलत नाही.

आमच्याकडचे सगळ्यात अनुभवी ऑपरेटर, ज्यांना अख्खं शॉप मामा म्हणतं, त्यांच्याकडून गेल्या काही महिन्यांत चुका वाढल्या होत्या. मला वाटलं वय. जवळचं बघण्याची वार्षिक तपासणी झालेली होती, त्यात पास. एक दिवस बूथमध्ये त्यांच्याशेजारी उभा होतो आणि दिव्याच्या निळ्या उजेडात त्यांच्या चष्म्याच्या काचा चांगल्याच काळ्या दिसल्या.

"मामा, चाळिशी नवी घेतली का?"

"हो, मुलानं करून दिली दिवाळीला. उन्हात आपोआप काळी होते. भारी आहे."

उन्हात काळी होते ती युव्हीनं. युव्ही दिव्याखाली दिवसभर बसलं की ती काळीच राहणार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तक्ता वाचताना काच पांढरी, म्हणून तपासणीत पास. अशा काचा या कामाला चालत नाहीत हे एमपीआयच्या मानकांत लिहिलेलं असतं. आमच्या कार्डवर ते इंग्रजीत होतं, तळाला, बारीक अक्षरात. मामांनी जुना चष्मा परत आणला आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माणसाबद्दल एवढंच नाही. १९९६ साली अमेरिकेत पेन्साकोलाला एमडी-८८ विमानाच्या इंजिनाचं फॅन हब उड्डाणाच्या वेळी फुटलं, दोन प्रवासी गेले. क्रॅक आधीच्या पेनेट्रंट तपासणीत (क्रॅकमध्ये झिरपणाऱ्या चमकत्या द्रवाच्या) सुटला होता. चौकशीत ज्या शक्यता मांडल्या गेल्या त्यांत एक अशी होती की क्रॅक सापडेल अशी अपेक्षाच नसल्यामुळे तपासनीसाचं लक्ष कमी झालं असावं. हे मला रोज दिसतं. हजार चांगल्या जॉबनंतर डोळा क्रॅक शोधत नाही, जॉब चांगला आहे याची खात्री करत असतो.

उलट तक्रार: नसलेला क्रॅक

फील्ड नीट झालं की काही दिवस खोटं रिजेक्शन वाढतं. घाबरू नका. ऑइल होलच्या कडेला, किल्लीघाटाच्या (कीवे, म्हणजे किल्ली बसायच्या खाचेच्या) कोपऱ्याला, आकार बदलतो तिथे फील्ड बाहेर गळतं आणि पावडर जमते. तिची रेष रुंद, धुरकट, प्रत्येक जॉबवर त्याच जागी. क्रॅकची बारीक, धारदार, आणि जॉबगणिक वेगळ्या जागी. शंका असेल तर डिमॅग करा, म्हणजे जॉबचं चुंबकत्व उतरवा, पुसा, करंट थोडा कमी करून पुन्हा बघा. पण ऑइल होलचं तोंड मात्र सरसकट "तिथे येतंच" म्हणून सोडू नका. इंडक्शनमध्ये ती कड जास्त तापते आणि खरा क्रॅकही तिथूनच निघतो.

डिमॅगवरून आठवलं. तपासणीनंतर उरलेलं फील्ड ३ गॉसच्या आत यायला हवं, नाहीतर असेंब्लीत कीस चिकटते. काही केल्या उतरत नसेल तर डिमॅग कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम करून बघा. हे वास्तुशास्त्र नाही. पृथ्वीचं स्वतःचं फील्ड उत्तर-दक्षिण असतं आणि लांब शाफ्टमध्ये थोडं मागे ठेवून जातं.

मास्टर

सहातले दोन जॉब फोडले, चार उरले. ते आता मास्टर आहेत. आठवड्यातून दोनदा, कोणत्या वेळी ते फक्त मला माहीत, एक मास्टर चालू लॉटच्या ट्रेमध्ये मिसळतो. रिंग बाथ तपासते, शिम फील्ड तपासतो, हा जॉब मात्र सगळं एकदम तपासतो: बाथ, फील्ड, नळी, दिवा, चष्मा, माणूस. पहिल्या महिन्यात आठपैकी तीन वेळा सुटला. प्रत्येक वेळी कारण सापडलं आणि एकदाही ते "निष्काळजीपणा" नव्हतं. आता सहसा सुटत नाही.

एकदा सुटला तो मात्र मी बाजूला काढायला विसरलो. संध्याकाळी मोजताना तीनच मास्टर. पॅकिंगमध्ये पळत गेलो तर तो तेल लावून, पिशवीत घालून, खोक्यात झोपलेला, वर ताजा पिवळा ठिपका. तेव्हापासून चारही मास्टर माझ्या टेबलावर परत आल्याशिवाय मी डिस्पॅचच्या चलनावर सही करत नाही. ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवत असतो.